गीझर लावला की काही दिवे मंद, काही जास्त उजळ. आणि गाडीची बॅटरी तिसऱ्या दिवशी खलास. आधी काय तपासू?

कळंबा_कर

मंडळी, घर कळंब्यात. तीन फेजचं कनेक्शन, खालचा मजला आमचा, वर भाडेकरू. पाऊस लागल्यापासून एक प्रकार सुरू झालाय. बाथरूमचा २ किलोवॅटचा गीझर लावला की हॉलमधले एलईडी दिवे मंद होतात आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातले दिवे नेहमीपेक्षा जास्त उजळतात. गीझर बंद केला की सगळं जागेवर. दोन एलईडी बल्ब गेले. राउटर अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होतो, त्याला १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर आहे. दुपारी प्लगमध्ये मल्टिमीटर लावला तर २३१ व्होल्ट, म्हणजे सप्लाय ठीक दिसतोय. घरी आलेल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवून टाका.

गाडीचंही इथंच विचारतो. पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएच बॅटरी, वर्षाची. रोज चालवली तर कुरकुर नाही. तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो. सेल मारताना म्युझिक सिस्टिमचं घड्याळ शून्यावर येतं. मध्यंतरी डॅशकॅम बसवून घेतलाय. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली.

स्टॅबिलायझर आणि बॅटरी दोन्ही घ्यायच्या आधी काय काय मोजून बघू?

न्यूट्रल_लिंक

दादा, स्टॅबिलायझर राहू दे. हे वाचल्या वाचल्या टीव्ही, राउटर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे प्लग काढा. वरच्या भाडेकरूलाही सांगा. तुमचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, लूज आहे.

एका फेजवर लोड आला की तिथले दिवे मंद होणं, एवढ्यानं फारसं काही कळत नाही. वायर बारीक असेल, फेजचा जोड सैल असेल, डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल. पण एकीकडे मंद आणि त्याच क्षणी दुसरीकडे जास्त उजळ, हे फक्त न्यूट्रल बिघडला की होतं. कारण समजून घ्या. तीन फेजच्या घरात प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल पक्का असेपर्यंत प्रत्येक फेजचा लोड आपापल्या २३० वर चालतो. न्यूट्रल तुटला की दोन फेजवरचे लोड एकामागे एक, सिरीजमध्ये, ४०० व्होल्टवर येतात आणि व्होल्टेज त्यांच्या रेझिस्टन्सप्रमाणे वाटलं जातं.

आकडे घालून बघा. तुमच्या गीझरचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम. दुसऱ्या फेजवर १०० वॅटचे दिवे धरले तर त्यांचा ५२९. न्यूट्रल पूर्ण तुटला तर गीझरवर जेमतेम १९ व्होल्ट उरतात आणि दिव्यांवर ३८१. गरीब बिचारा गीझर वाचतो, इलेक्ट्रॉनिक्स सगळं जातं. तुमच्याकडे अजून तुटलेला नाही, जोडात रेझिस्टन्स आलाय, म्हणून फक्त हेलकावे दिसतायत. हे वाऱ्यापावसाच्या एखाद्या रात्री पूर्ण सुटेल.

तुमचं २३१ खरं आहे, पण ते मोकळ्यातलं आहे. जोड कितीही कुजलेला असला तरी करंट वाहत नसेल तर मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते लोड लावून.

असं करा. मल्टिमीटर कॅट थ्री ६०० व्होल्टचा हवा, प्रोब सोललेले नकोत, पायात रबरी चप्पल, हात कोरडे. डीबीवर (घरातला मुख्य वाटप बोर्ड) आर, वाय, बी या तिन्ही फेज, प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजून लिहा. मग गीझर चालू करून तिन्ही परत मोजा. गीझर ज्या फेजवर आहे ती ४–५ व्होल्ट उतरली आणि बाकीच्या दोन जागेवर राहिल्या तर चिंता नाही. ती १५–२० उतरली आणि बाकीच्या दोन चढल्या तर न्यूट्रल. ती एकटीच खूप उतरली आणि बाकीच्या हलल्या नाहीत तर त्या फेजचा जोड. सोबत न्यूट्रल ते अर्थ पण दोन्ही वेळा मोजा. डीबीवर हात घालायची सवय नसेल तर लायसनवाल्या वायरमनकडून हेच मोजून घ्या, पण आकडे लिहून घ्या.

एक गोष्ट कोणी सुचवली तरी करू नका: घरात न्यूट्रल अर्थिंगला जोडून देणं. दिवे लगेच सरळ होतात म्हणून बरेच जण करतात. मग तुमचा सगळा परतीचा करंट त्या अर्थच्या खड्ड्यातून जायला बघतो, आणि फ्रिज, गीझर, मशीनच्या पत्र्यावर व्होल्टेज येतं.

बारा_व्होल्ट

गाडीचं मी सांगतो. बॅटरीला दोष द्यायच्या आधी तीन मोजमापं.

पहिलं, रात्रभर उभ्या गाडीवर बॅटरीचं व्होल्टेज, दार न उघडता मोजता आलं तर उत्तम. १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर १२.९ सुद्धा दिसेल, तो वरवरचा चार्ज असतो, त्यावर विश्वास नको. इंजिन चालू करून हेडलाईट लावून १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर ठीक. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, त्यात थोडा वेळ १२.८ दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

दुसरं, सेल मारताना. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू न होता स्टार्टर फिरेल. मल्टिमीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा, क्लॅम्पवर नको. ९.६ च्या खाली गेलं नाही तर बॅटरी दमदार आहे. मग तसाच सेल मारत एक प्रोब निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. ०.५ आलं तर बॅटरी ते इंजिन–बॉडी अर्थ पट्टी कुजलीय. खुंट ते त्याच्यावरचा क्लॅम्प एवढंच मोजलं तर ०.१ पेक्षा जास्त नको. पॉझिटिव्ह खुंट ते स्टार्टरचा बोल्ट, ०.५ पर्यंत चालेल. ओहमच्या रेंजवर ही पट्टी मोजू नका, एक तार शिल्लक असली तरी शून्य दाखवेल.

तिसरं, उभ्या गाडीत करंट किती खातोय. निगेटिव्ह क्लॅम्प काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर सिरीजमध्ये लावा. चावी गाडीपासून लांब ठेवा, बॉनेटचं आणि दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं मिटवून ठेवा म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. आणि अर्धा तास थांबा, कारण आतले कंट्रोल युनिट झोपायला तेवढा वेळ घेतात. सुरुवातीचे २–३ अँपिअर बघून लोक उगाच वायरिंग उसकतात. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. मल्टिमीटर लावलेला असताना चुकूनही सेल मारू नका, फ्यूज जाईल. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे चालणार नाही, डीसीवालाच लागतो.

तुमच्या तीन दिवसांचं गणित बघा. ५० मिलिअँपिअरनं दिवसाला १.२ एएच जातात, ३५ एएचची बॅटरी तेवढ्यावर दोन आठवडे सहज काढते. पण डॅशकॅम चालू राहून ३०० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ७.२, तीन दिवसांत साडेएकवीस. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. दुकानदार बॅटरी बदलेल, नवी पण तिसऱ्या दिवशी खाली. आणि शिशाची बॅटरी अशी चार-सहा वेळा पूर्ण उतरली की मग ती खरंच जाते.

घड्याळ शून्यावर येणं वेगळं लक्षण. सेल मारताना स्टिरिओ बंद होणं नैसर्गिक आहे, कारण एसीसी लाईन (चावी फिरवल्यावरच चालू होणारी) तोडली जाते. घड्याळाची आठवण मात्र पिवळ्या वायरवर असते, ती थेट बॅटरीवरून येते. ती शून्यावर येते म्हणजे पिवळीवर व्होल्टेज कोसळतंय. एक तर अर्थ पट्टी, नाहीतर स्टिरिओ बसवणाऱ्यानं पिवळी आणि लाल एकत्र पिळून एसीसीवर दिली असेल.

शुक्रवार_पेठ

मधेच विचारतो, पण विषय जवळचा आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे बोर्ड बुडाले होते. परत तशी वेळ आली तर वाळवून चालू केलं तर चालतं का?

न्यूट्रल_लिंक

बुडालेला एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा), आरसीसीबी (करंटच्या गळतीवर पडणारा), स्विच, सॉकेट वाळवून वापरायचे नाहीत, बदलायचे. आत गाळ बसतो, ट्रिप होणारी स्प्रिंग आणि काँटॅक्ट गंजतात, आणि एमसीबी वरून ठीक दिसतो पण शॉर्ट झाल्यावर पडत नाही. पीव्हीसी वायर बऱ्याचदा वाचते, पण कंड्युटमधलं पाणी काढायला खालचे बॉक्स उघडे ठेवून आठ-दहा दिवस वारा लागू द्यावा लागतो. मग सगळे बल्ब, प्लग, इन्व्हर्टर काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज–अर्थ, न्यूट्रल–अर्थ आणि फेज–न्यूट्रल मोजा. प्रत्येक सर्किट किमान १ मेगाओहम आलं पाहिजे. एलईडी बल्ब लावून मेगर मारला तर बल्बमधली ड्रायव्हर सर्किट जळतात, म्हणून ते काढायचेच. वीज मीटर बुडाला असेल तर तो वीज कंपनीकडून बदलून येईपर्यंत मेन चालू करायचा नाही. आणि पूररेषेतल्या घरात परत वायरिंग करताना सॉकेट कमरेच्या वर घ्या, खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी आणि वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे पाणी चढायला लागलं की फक्त तेवढंच बंद करता येतं.

सोल्डर_स्टँड

राउटरच्या अडॅप्टरबद्दल. न्यूट्रलच्या हेलकाव्यानं तो अर्धमेला झालेला असू शकतो. रिकामा मोजला तर १२.१ दाखवेल आणि राउटर लावला की ९ वर येईल. टेस्टला १५ ओहम २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, तो ०.८ अँपिअर ओढतो. खूप तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेवा. पाच मिनिटं लोडवर ११.५ च्या वर टिकला तर अडॅप्टर बरा. गाडीचा बल्ब लोड म्हणून लावू नका. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं आणि चांगला अडॅप्टरसुद्धा प्रोटेक्शनमध्ये जाऊन लुकलुकतो.

पडत असेल तर बहुतेक वेळा आउटपुटचा कपॅसिटर, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट. डोकं फुगलेलं दिसेलच असं नाही. बदलताना १०५ डिग्रीचा आणि लो ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) घ्या, जागा असेल तर २५ व्होल्टचा. नवीन अडॅप्टर घेणार असाल तर व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं टोक आत प्लस आहे का ते जुन्यावरच्या चित्राशी जुळवून घ्या. १२ च्या जागी ९ चा बसतो म्हणून लावू नका.

टीव्ही किंवा दुसरं काही पूर्ण मेलं तर उघडल्यावर क्रम हा: फ्यूज, त्याच्या शेजारची निळी किंवा पिवळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर, मग ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), मग ४०० किंवा ४५० व्होल्टचा मोठा कपॅसिटर. ३८१ व्होल्ट एसी आलं तर ब्रिजनंतर शिखर ५३९ व्होल्ट होतं, कपॅसिटर फुटणारच. ४७१ छापलेला व्हॅरिस्टर कायम ३०० व्होल्ट एसीपर्यंतचा असतो; त्याच्या वर तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा बोर्ड वाचवतो. त्यामुळे फक्त फ्यूज आणि व्हॅरिस्टर गेलेला असेल तर नशीब. व्हॅरिस्टर काढून नुसता फ्यूज घालून चालवू नका, आणि फ्यूजच्या जागी तार तर अजिबात नको.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सप्लाय देताना १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजला. क्षणभर पेटून विझला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास राहतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नको, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर दहा सेकंद धरा आणि मग मोजून हात घाला.

कळंबा_कर

सगळ्यांचे आभार. वायरमनला सोबत घेऊन मोजलं.

गीझर बंद: आर २३१, वाय २३३, बी २२९, न्यूट्रल–अर्थ १.५.
गीझर चालू: आर २१०, वाय २४३, बी २३९, न्यूट्रल–अर्थ २१.

गाडी: रात्रभरानंतर १२.३. अर्ध्या तासानंतर करंट ३१० मिलिअँपिअर, डॅशकॅमचा प्लग काढला की २८. सेल मारताना निगेटिव्ह खुंट ते इंजिन ०.६ व्होल्ट.

मेनच्या न्यूट्रल लिंकचे स्क्रू आवळले, फरक पडला नाही. आता?

न्यूट्रल_लिंक

आकडे स्वच्छ बोलतायत. आर २१ नं उतरला, बाकी दोन १० नं चढले, न्यूट्रल २० नं उचलला गेला. २१० व्होल्टला गीझर ८ अँपिअर ओढतो. त्या एका जोडावर २० व्होल्ट पडतायत, म्हणजे तिथे १६० वॅट उष्णता तयार होतेय, स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत. कुठेतरी इन्सुलेशन भाजत असणार.

आता जागा शोधायची. गीझर चालू ठेवून एक प्रोब डीबीच्या न्यूट्रल बारवर, दुसरा मेन स्विचला मीटरकडून येणाऱ्या न्यूट्रलवर. इथे अर्धा-एक व्होल्ट आला तर तुमचं वायरिंग ठीक, दोष मीटर, कटआऊट किंवा डांबावर आहे. तिथे १५–२० आले तर दोष तुमच्या मेन आणि डीबीच्या मध्ये. लिंकचे स्क्रू आवळून फरक पडला नाही, आणि पाऊस लागल्यावर सुरू झालं, म्हणून माझा अंदाज डांबावरच्या जोडाचा. अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि तांब्याची वायर नुसता पिळा मारून जोडली असेल तर पावसाच्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पावडर धरते.

मीटरचं सील आणि त्याच्या पलीकडचं काही तुम्ही किंवा तुमच्या वायरमननं उघडायचं नाही. १९१२ ला फोन करा आणि “लाईट कमीजास्त होते” असं मोघम न सांगता “तीन फेज कनेक्शनचा न्यूट्रल लूज आहे, लोडवर एका फेजला २१० आणि दुसऱ्याला २४३ येतंय” असं सांगा, तक्रार क्रमांक घ्या. माणूस आला की शेजारच्या घरातही असंच होतंय का ते त्याच्यासमोर विचारा. दोन-तीन घरांत होत असेल तर जोड डीपीच्या बाजूला आहे. परत जोडताना बायमेटॅलिक लग किंवा योग्य कनेक्टर लावायला सांगा, पिळा मारून टेप नको. तोपर्यंत गीझर बंद, मिक्सर-इस्त्री बंद. शक्य असेल तर दोन फेजचे एमसीबी पाडून एकाच फेजवर दिवे-पंखे चालवा. एकच फेज चालू असली आणि न्यूट्रल तुमच्याच सर्व्हिस वायरवर सुटला तर ४०० व्होल्ट येऊ शकत नाहीत, फक्त लाईट जाईल; जोड डीपीच्या बाजूला असेल तर मात्र ही खात्री नाही. पण त्या एका फेजवर दोन्ही मजल्यांचा लोड टाकू नका, जोड तोच आहे. आणि वरच्या मजल्याचा डीबी वेगळा असेल तर तिथलेही बाकीच्या दोन फेजचे एमसीबी पाडा.

बारा_व्होल्ट

तुमच्या गाडीत दोन दोष आहेत, बॅटरी त्यातला नाही, निदान अजून तरी.

डॅशकॅम कायम लाईनवर जोडलाय. तो फ्यूज टॅप लावून एसीसीच्या फ्यूजवर घ्या, वायर २ अँपिअरच्या फ्यूजमागून. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग हवंच असेल तर लो-व्होल्टेज कट असलेलं हार्डवायर किट घ्या आणि कट १२.२ वर न ठेवता १२.४ वर ठेवा.

०.६ व्होल्टसाठी अर्थ पट्टी. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. खुंटावरचा हिरवा-पांढरा थर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं धुवा, कोरडं करा. पट्टीची दोन्ही टोकं सोडवून बॉडीवरचा रंग आणि गंज चमकेपर्यंत घासा. क्रिम्पच्या आत तार काळी पडली असेल तर पट्टी बदला, घासून उपयोग नाही. आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन, आधी नाही. जोडताना पॉझिटिव्ह पहिला, निगेटिव्ह शेवटी. मग परत सेल मारून मोजा, ०.२ च्या आत आलं की घड्याळही टिकेल. नाही टिकलं तर पिवळी वायर बघा.

बॅटरी १२.३ वर आहे. १५–२० मिनिटांच्या फेऱ्यांत ती भरत नाही. ३–४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा, दुसऱ्या दिवशी मोजा. १२.६ टिकलं आणि सेल मारताना ९.६ च्या वर राहिलं तर तीच चालवा.

न्यूट्रल_लिंक

एक राहिलं, कारण स्टॅबिलायझरच्या पैशात हे बसतं. डांबावरचा जोड झाल्यावर डीबीच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले आणि चार पोलचा काँटॅक्टर (रिलेच्या इशाऱ्यावर चारही वायर तोडणारा स्विच) बसवून घ्या, काँटॅक्टर मंजूर भाराप्रमाणे. रिले घेताना न्यूट्रलचं टर्मिनल आहे का ते बघा. पंपाच्या पॅनेलला वापरतात तो तीन वायरचा फेज फेल्युअर रिले फक्त फेज-फेज बघतो, न्यूट्रल सुटला तरी त्याला ४०० च दिसतात आणि तो पडत नाही. आरसीसीबी पण इथे मदत करत नाही, तो गळतीसाठी आहे. त्याशिवाय बाथरूम ठेवू नका ते वेगळं. वळवाच्या विजांसाठी टाईप टू एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) लावला तरी तो क्षणभराच्या झटक्याचा आहे, तासभर ३८० व्होल्ट आले तर तोच जळेल.

सेटिंग: वरची मर्यादा २६५, खालची १८०, परत चालू व्हायला ३ मिनिटं, म्हणजे फ्रिजचा काँप्रेसर दाबाविरुद्ध सुरू होत नाही. वरच्या मर्यादेला पडायचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा, खालच्याला ५ सेकंद, नाहीतर पंप सुरू होताना दरवेळी घर अंधारात जाईल.